हसू कापण्याची नोकरी

सोमवार, २ तारीख

अखेर नोकरी लागली! सकाळी भिंगरीनं दारात उभं राहून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जाहीर केलं की, आई आता पगार घेऊन चावट गाणी ऐकणार. तेवीस वर्षांची घोडी झाली, पण जिभेला हाड नाही. तिचे बाबा गेल्यापासून या घरात आम्ही पहिल्यांदाच पोट धरून हसलो.

रेडिओ आणि टीव्ही, दोन्हींचं केंद्र एकाच इमारतीत आहे. तिसऱ्या मजल्यावर आमचा गीत तपासणी विभाग, म्हणजे एक खोली. भिंतींना करड्या रंगाची जाड गादी लावलेली, बोललेला शब्द तिच्यात रुतून बसतो. दोन टेबलं: एक माझं, एक साउंडवाल्या काकांचं. गाणं वाजवायच्या आधी मी ऐकायचं, आक्षेपार्ह जागेवर खूण करायची, काका ती जागा संगणकावर कापतात आणि दोन्ही टोकं अशी जोडतात की शिवण दिसत नाही.

साहेबांना पाठीमागे सगळे गाळणी म्हणतात. त्यांनी मला नियम समजावले. ‘ये’ चालेल. ‘जवळ ये’ संध्याकाळनंतर चालेल. ‘अजून जवळ ये’ कधीच नाही. इतकी वर्षं मी शाळेत व्याकरण शिकवलं, पण क्रियाविशेषणाचा एवढा धसका घेतलेला माणूस पाहिला नव्हता.

शेजारच्या खोलीत टीव्हीवाले बसतात. गाण्यात कंबर आली की ते पडद्यावर फुलदाणी दाखवतात. मस्त लोक आहेत. खिडकीतून अख्खा रस्ता दिसतो.

गुरुवार, ५ तारीख

कान दुखतात. दिवसभर कुणीतरी कानात ‘ये ना, ये ना’ करत असतं, आणि घरी आल्यावर भिंगरीनं जेवायला ये म्हटलं तरी अंगावर काटा येतो.

आज मैनाचं नवं गाणं आलं. मैना हे तिचं लोकांनी ठेवलेलं नाव, पोरं वेडी आहेत तिच्यामागे. दोन कडव्यांच्या मध्ये ती हसते. शब्द नाही, काही नाही, नुसतं हसते, पायरीवरून मणी घरंगळावेत तशी. गाळणी म्हणाले की हे हसू नक्की कशामुळे येतंय ते श्रोत्यांना कळतं. मला कळलं नाही, पण नवी नोकरी, मी खूण केली. काकांनी कापलं.

एका जाड आवाजाच्या गायकाचं गाणंही होतं. त्यात शेवटच्या ओळीआधी तो खोल श्वास घेतो. गाळणींच्या मते स्वल्पविरामापेक्षा लांब श्वास संशयास्पद. तोही कापला.

बुधवार, ११ तारीख

थकले. काम अवघड नाही, तरी घरी येऊन नुसती बसून राहते. गाणं आवडण्याची जागा कुठेतरी झिजत चाललीय. भिंगरी बडबडते, मैत्रिणींबरोबर काहीतरी बसवतेय म्हणे, सांगत नाही. तिचा आवाज ऐकत डोळे मिटून पडले की तेवढं बरं वाटतं.

काका डबा खाताना कुणाशी बोलत नाहीत. आज मी सहज गुणगुणले, तर चमचा खाली ठेवून म्हणाले की या खोलीत गायचं नाही. घरीही बायकोला गाऊ देत नाहीत म्हणे. विक्षिप्त माणूस.

सोमवार, १६ तारीख

मैनाची आई आली होती. मैनाही होती, गळ्याभोवती ओढणी गुंडाळून. बाईंचं म्हणणं, पोरगी हसते, पण आवाज येत नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, ठणठणीत. भांडायला आल्या नव्हत्या. त्यांना फक्त मूळ गाणं हवं होतं, कापायच्या आधीचं. म्हणाल्या, “बाई, माझ्याकडच्या गाण्यातही ते हसू राहिलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर एकदा ऐकवा. मी विसरायला लागलेय.”

काकांनी मूळ गाणं लावलं. पहिलं कडवं संपलं. मग रिकामं. मग दुसरं कडवं.

मैना माझ्याकडे बघून हसली. म्हणजे ओठ फाकले, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. आवाज नाही. मी माझ्याच हाताकडे बघत राहिले, खूण केलेल्या.

मंगळवार, १७ तारीख

टीव्हीवाल्यांकडे बातमी आली. तो जाड आवाजाचा गायक गेला. कार्यक्रमात गाता गाता, शेवटच्या ओळीआधी. लोक म्हणाले, श्वास घ्यायचा विसरला.

मी काकांना गाठलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यांनीही साहेबांना सांगून पाहिलं होतं. साहेब म्हणाले, योगायोग. पेन्शन जवळ आलीय, आता ते कुणाला काही सांगत नाहीत. आवाजात भीती नव्हती. नुसता शीण होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

गुरुवार, १९ तारीख

आता खूण करत नाही. येईल ते गाणं ‘निर्दोष’. गाळणी दोनदा दारात येऊन उभे राहिले. नोकरी सोडावी तर माझ्या जागी दुसरं कुणी बसेल आणि खुणा करेल. बसून राहावं तर —

झोप नाही.

शुक्रवार, २० तारीख

नव्या गाण्यांत भिंगरीचा आवाज! मला चकित करायचं म्हणून मैत्रिणींबरोबर बसवून पाठवलेलं. साधं, खोडकर गाणं. पोरगी धावत जिना चढते, पायरीला अंगठा आपटतो आणि ती ओरडते, आई गं! मी हसले. निर्दोष लिहून वर पाठवलं.

दुपारी गाळणी गाणं घेऊन खाली आले.

“या पोरीला नेमकं काय दुखतंय?”

“अंगठा, साहेब. पुढच्याच ओळीत आहे.”

“पुढची ओळ कोण ऐकतं? ‘आई गं’ काढा.”

मी सांगितलं की ती माझी मुलगी आहे. ते म्हणाले, मग तर तुम्ही स्वतःहून काढायला हवं होतं. मी पाया पडले. खरोखर पडले, खोलीतल्या करड्या सतरंजीवर. त्यांच्या पायांमागून मला काकांची खुर्ची दिसली. त्यांच्या कानांवर हेडफोन होते. आमचं काहीच ऐकू गेलं नव्हतं त्यांना. ‘आई गं’ कापा, अशी साहेबांची चिठ्ठी समोर होती.

मी ओरडले तोवर काकांचं बोट कळ दाबून उठलं होतं.

शुक्रवार, संध्याकाळ

दार भिंगरीनंच उघडलं. तिचे ओठ हलले. मग म्हणाली, “एवढी का धापा टाकतेयस?”

पुढचं सगळं स्पष्ट ऐकू आलं. पहिला शब्द नाही.

शनिवार, २१ तारीख

सगळं बोलते. भाजीत मीठ कमी आहे म्हणते, नळ गळतोय म्हणते. फक्त मला हाक मारताना — आधी तिला वाटलं, मीच थट्टा करतेय, ऐकू येत नसल्याचं सोंग करतेय. मग आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिलं. परत परत.

आता मला ‘ऐक ना’ म्हणते. डोळे सुजलेत. मी सगळं सांगितलं तिला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २२ तारीख

राजीनामा पाठवला. काकांना फोन केला, ते परत जोडता येईल का. म्हणाले, कापलेलं फेकून दिलं तरी ते कुठेतरी जातंच, बाई. आलं तर घरात घेऊ नका.

काय आलं तर? फोन ठेवला त्यांनी.

सोमवार, २३ तारीख

दुपारी जिन्यावर हाक ऐकली. आई गं! तीच, अंगठा आपटल्यासारखी. मी धावत दाराशी गेले.

भिंगरी माझ्या मागे उभी होती. पांढरीफटक.

मंगळवार

दोनदा. आता आपल्या मजल्यावर. तोच सूर, तीच लांबी, कमी नाही, जास्त नाही. भिंगरी कानांत बोटं घालून स्वयंपाकघरात —

काकांचा फोन लागत नाही.

बुधवार

दारावर थाप नाही. नुसती हाक. दाराला अगदी तोंड लावून.

भिंगरी मला सोडत नाहीये. म्हणते, “ऐक ना, ती मी नाहीये. मी इथे आहे. बघ माझ्याकडे.” बघते. इथेच आहे ती. पण तिचे ओठ हलतात आणि तिथे, त्या जागी, काहीच —

आणि बाहेर —

बुधवार, थोड्या वेळानं

किती दमलेय मी. कुणीतरी आई म्हणावं. एवढंच.

भिंगरी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीय, माझा पदर मुठीत धरून. बोटं हळूच सोडवली. जागी झाली नाही.

बाहेर आता ओरडत नाही. हळू म्हणतेय. लहानपणी ताप आल्यावर म्हणायची तसं. गाण्यात तसं नव्हतं. तसं फक्त तिला —

आले गं, आले. एक मिनिट. कडी जरा —