टाच उचलली की फाऊल

४ मार्च, रविवार

आज एकोणीस फाऊल थ्रो पकडले. एकोणीस! फुटबॉलमध्ये थ्रो-इन म्हणजे काय, तर बॉल जिथून बाहेर गेला तिथूनच, दोन्ही हातांनी, डोक्यामागून आणून, पाय जमिनीवर ठेवून आत टाकायचा. एवढंही या घोड्यांना जमत नाही. एक जण तर बॉल गेला तिथून पंधरा पावलं पुढे गेला, फिरायला निघाल्यासारखा. परत बोलावलं तर म्हणतो, "एवढ्याने काय होतं, रेफरी?" म्हणे एवढ्याने!

प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "चष्मेवाले, आधी स्वतःचा नंबर काढा." मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, हे आता अख्ख्या लीगला कळलंय.

६ मार्च, मंगळवार

लीगच्या समितीचं परिपत्रक आलं. "थ्रो-इनच्या किरकोळ चुकांसाठी खेळ वारंवार थांबवू नये." नाव कोणाचंच नाही, पण रोख कोणावर आहे हे शेंबडं पोरही सांगेल. किरकोळ काय ते कोणी ठरवायचं? आज टाच सोडा, उद्या हात सोडा. परवा म्हणतील, लाथ मारूनच आत टाका.

सरांची आठवण झाली. बावीस वर्षांपूर्वी रेफरींच्या वर्गात ते आमच्या टाचेखाली पत्त्यातलं पान सरकवायचे. थ्रो टाकायला लावायचे आणि पान ओढायचे. निघालं की फाऊल. नेहमी इस्पिकची राणी असायची. तसं शिकवणारं आता कोणी राहिलं नाही.

८ मार्च, गुरुवार

दुकानाचे मालकही म्हणाले, "थोडं सोडून द्या हो." मी विचारलं, स्क्रू ढिला ठेवून चष्मा देऊ का गिऱ्हाइकाला?

११ मार्च, रविवार

मुलींची सेमीफायनल. ठरलेला रेफरी तापाने आडवा, म्हणून ऐनवेळी मला पाठवलं. एका संघात माझी भाची. दोन्ही प्रशिक्षकांना आधीच सांगितलं, कोणाचीही हरकत नव्हती.

शेवटची दोन मिनिटं, बरोबरी. भाचीने थ्रो टाकला आणि डावी टाच उचलली. माझ्या समोर, दहा पावलांवर. शिट्टी वाजवली. ती बघतच राहिली.

"मामा, बोटं—"

"मैदानात मामा नाही."

"रेफरी, बोटं टेकलेली होती."

"आणि टाच?"

काहीतरी बोलणार होती, पण आजूबाजूला पाहिलं आणि गप्प झाली. थ्रो समोरच्यांना दिला. त्यांनी त्यावरच गोल केला. संपलं.

वाईट वाटलं. फार वाटलं. पण तिच्यासाठी डोळेझाक केली असती, तर मागच्या रविवारच्या त्या सगळ्यांना काय तोंड दाखवलं असतं?

१२ मार्च, सोमवार

धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, शिट्टी मारायला तुला माझीच पोरगी सापडली?" मी नियम समजावायला लागलो. तिने फोन ठेवून दिला.

रात्री बायको जेवायला वाढताना म्हणाली, "पोळी एका हाताने वाढली तर चालेल ना?" या घरात कोणाला कशाचं गांभीर्य नाही.

१५ मार्च, गुरुवार

भाचीला मोठ्या स्पर्धेच्या संघातून काढलं. प्रशिक्षक म्हणाला म्हणे, साधा थ्रो टाकता येत नाही तिला घेऊन काय करू. या स्पर्धेसाठी पोरगी दोन वर्षं पहाटे पाचला उठतेय. बहीण फोनवर रडत होती. "आणि वर ती म्हणते, चूक माझीच होती, मामाला कोणी काही बोलू नका."

मला तिचा अभिमान वाटला. चूक कबूल करायला छाती लागते. तसं बहिणीला म्हणालोही. पुन्हा फोन ठेवला.

या सगळ्याचं मूळ त्या परिपत्रकात आहे. बाकीचे रेफरी सैल राहिले, म्हणून पोरींना वाईट सवयी लागल्या आणि खापर माझ्यावर. समितीला खरमरीत पत्र लिहिणार. नियमाचा क्रमांक टाकून, शब्द न् शब्द उतरवून. आणि एक प्रत भाचीच्या प्रशिक्षकाला. पोरीला काढण्याऐवजी नीट शिकव म्हणावं.

१७ मार्च, शनिवार

पत्र झालं. फक्त नियम उतरवायचा राहिलाय, आणि नियमांचं पुस्तक सापडत नाही. माळा, कपाट, पलंगाखालची पेटी, सगळं उपसलं. बायको म्हणते, लग्नानंतर तुम्ही ते एकदाही उघडलेलं पाहिलं नाही. उघडायचं कशाला? पाठ आहे!

शेवटी बहिणीकडे गेलो. भाची घरी नव्हती. बहिणीने भाचीच्या टेबलावरून तिचं नियमांचं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं. बस म्हणाली नाही.

१८ मार्च, रविवार

नियम पंधरावा. बॉल टाकताना प्रत्येक पायाचा काही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेरच्या जमिनीवर हवा. काही भाग. चार वेळा वाचलं. टाच हा शब्दच नाही. बोटं टेकली असली तरी पुरे.

ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. समासात भाचीचं अक्षर, तारीख मागच्या वर्षीची: "मामा हे चुकीचं देतो. त्याला चारचौघांत सांगायचं नाही."

पत्र फाडलं. उद्या सकाळी साडेसहाला भाचीच्या संघाचा सराव असतो. सहालाच जाऊन उभा राहतो. सगळे जमले की चारचौघांतच सांगणार.