एका पायाचा राघू

प्रिय कुमुदताई,

तुमच्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, आता फक्त औषधाचे थेंब राहिले, हे ऐकून मले जेवढा आनंद झाला तेवढा तुमच्या पोटच्या पोरालेही झाला नसेल. खरं सांगते. तुमची नजर लवकर साफ व्हावी म्हणून मी मारुतीले नारळ बोलली आहे. काहून बोलली ते पुढं येईलच. अक्षर मोठं मोठं काढून राहिली, वाचणाऱ्याले त्रास नको. माझी शाळा तुम्हाले माहीतच आहे, चौथी झाली अन् घरी बकऱ्या आल्या, तिथंच संपली. तुम्ही चार लोकांत सांगत होत्या, आमच्या वहिनीले सहीपुरतं येते म्हणून. तं आता ऐका, सहीच्या वरचंही येते थोडंसं.

पहिली बातमी गोड. आमच्या देवश्रीचं जमलं. पोट्टा भिलाईले असतो, यशदीप नाव, बोलाले शांत, जेवाले चांगला. साखरपुड्याले तिचा बाप, आमचा निरंजन, हॉल पाहून राहिला होता, तं पोट्टी म्हणाली, आजी, हॉल-वॉल कुछ नहीं, अपने घर में करेंगे. मी म्हटलं, माय, या घरात? तुमच्या भावानं रेल्वेतून आणलेले ते पिवळट रंगाचे डबे एकदा जे भिंतीले फासले, त्यानंतर त्या भिंतींनी दुसरा रंग पाहिला नव्हता. बैठकीत दिवसा लाइट लावा लागे. सोफा टीव्हीकडं तोंड करून, खिडकीकडं पाठ करून, जसा काही खिडकीशी भांडण झालेलं. देवश्री कमरेवर हात ठेवून उभी राहिली अन् म्हणे, आजी, आपल्याले काहीच विकत नाही आणायचं, आधी सगळं बाहेर काढायचं.

अन् काढलं हो ताई! शोकेसमधली प्लास्टिकची फुलं, त्यांच्यावरची धूळ तुमच्या भावाच्या वयाची असंल. जुनी कॅलेंडरं, फुटका रेडिओ, कोणाच्या तरी बारशाचे सहा सारखेच गणपती. खोली मोकळी झाली तं मले वाटलं, ही तं दुसऱ्याच कोणाची खोली. मंग सोफ्याचं तोंड खिडकीकडं फिरवलं. मोडक्या आलमारीचा आरसा काढून खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टांगला, तं उजेड दुप्पट झाला, एका रुपयाचा खर्च नाही. एकच भिंत निवडली, ती खरडली अन् त्यावर छुही लावली. ती पांढरी माती हो, इकडं गावातल्या घरांले लावतात ती. अभनपुरकडची एक बाई आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, घेऊन येते. तिले विचारलं, सिमेंटच्या भिंतीले धरंल का, तं म्हणे, हव दाई, गोंद मिला के लीप देहूँ. डिंक मिसळून तिनं अशी लिपली की भिंतीवर हात फिरवत राहावंसं वाटते. बांबूची टोपली उलटी करून बल्बवर टांगली, सांजेले दिवा लावला की भिंतीवर झाडाखाली बसल्यासारखी सावली पडते. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत मनीप्लांट. अन् माझ्या लग्नातली पत्र्याची पेटी, तिले फाटकाचा उरलेला निळा रंग दिला, वर गोधडी घातली, खिडकीखाली बसाले मस्त जागा झाली. शंकर नगरात तुमच्याकडं त्या हजारोंच्या खुर्च्या आहेत ना, त्याच्यात बसलं की माणूस पाहुणा वाटते. माझ्या पेटीवर बसलं की पाय आपोआप वर घेतले जातात.

कपड्याचाही खर्च नाही आला. कपडा तुमचाच. त्या पेटीत तुम्ही मले आजपर्यंत दिलेल्या सगळ्या आहेराच्या साड्या होत्या. निरंजनच्या बारशाची, त्याच्या मुंजीची, तुमच्या वास्तुशांतीची. मी एकही नेसली नाही, एकही पुढं कोणाले दिली नाही. घडी मोडली तं आतमध्ये टाचणीच्या गंजाचे डाग, म्हणजे बिचाऱ्या माझ्याकडं येण्याआधी किती घरं फिरल्या असतील! देवश्रीनं कात्री लावली. जांभळीच्या उशा झाल्या, गुलाबी खुर्चीच्या गादीवर गेली. हिरवी, जी देताना तुम्ही म्हटलं होतं की वहिनी, तुमच्या रंगाले हेच शोभते, तिचं दाराशी पायपुसणं केलं. येणारा जाणारा तिच्यावर पाय घासून येते. पाणी काही पीत नाही, नायलॉन ना. पण टिकाऊ आहे, तुमची वस्तू म्हणून सांगते.

पण ताई, सगळ्यात देखणा पर्दा. खिडकीचा. आलेला माणूस चप्पल काढता काढता थांबते अन् पाहात राहते. कोशाच्या रेशमाचा आहे, मधाच्या रंगाचा, अन् लाल करवती काठ, करवतीच्या दातासारखे बारीक बारीक टोक निघालेले. सकाळचं ऊन त्याच्यातून आलं की छुहीची भिंत पण सोनेरी होऊन जाते. त्याले कात्री नाही लावली. वरून बांबूची काठी ओवली, बस. शेजारची गुप्ता भाभी म्हणे, अम्मा, ये तो बहुत महंगा होगा, कहाँ से लिया? मी सांगितलं, मेरी ननद ने दिया, आहेर में. जे येते त्याले हेच सांगून राहिली. सगळे तुमची तारीफ करतात, म्हणतात नणंद असावी तं अशी.

आता तुम्ही म्हणाल, मी कधी दिली कोशाची साडी? दिली हो. वेदांतच्या लग्नात. तुमच्या नातवाचं लग्न, मी नवरदेवाच्या बापाची मामी, मले तं मानाची साडी पाहिजेच. आहेराच्या साड्या कमी पडल्या होत्या, तुमच्या सुनेची, अस्मिताची धावपळ सुरू होती. आपल्या घरोघरी असतो ना कपाटाच्या खालच्या कप्प्यात द्याच्या-घ्याच्या साड्यांचा ढीग, तिनं त्याच्या अगदी तळातून एक बरी दिसणारी ओढली, नवीन प्लास्टिकच्या पिशवीत घातली अन् तुमच्या हातात दिली. तुम्हाले तेव्हा धड दिसत नव्हतं. तुम्ही मले कुंकू लावलं, तेही अर्धं भुवईवर, अन् पिशवी माझ्या ओटीत ठेवून म्हटलं, घ्या वहिनी, आमचं सगळं चांगलंच असते.

घरी येऊन मी पिशवी उघडली. पदर उलगडला. अन् ताई, पदराच्या कोपऱ्यात राघू होता. हिरव्या धाग्याचा, एका पायाचा.

तो राघू माझ्या आईनं काढला होता. तिची एकच चांगली साडी होती ती. तुळशीपाशी दिव्याची ठिणगी पदरावर पडली अन् भोक पडलं, तं तिनं ते झाकाले त्यावर राघू भरला. चोच झाली, पंख झाले, एक पाय झाला अन् धागा सरला. मी हसली तं म्हणे, धागा नाही सरला, थंडी आहे म्हणून त्यानं पाय पोटाशी घेतला. माझ्या लग्नात तीच साडी तिनं माझ्या पेटीत ठेवली अन् स्वतः सुती लुगडं नेसून मांडवात उभी राहिली. जगात असा दुसरा राघू नाही.

पहिल्या दिवाळीले तुम्ही माहेरी आल्या, ती साडी पाहिली, अंगावर धरून आरशासमोर उभ्या राहिल्या. तुम्ही गेल्या अन् साडी नव्हती. मी पेटी उपसली, पलंगाखाली घुसली, रडली. मंग तुम्ही पुढच्या खेपेले आल्यावर आपल्या आईपाशी बसून सांगितलं की वहिनीच्या भावाच्या हातात गाठोडं जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, साडी माहेरी पोचवली तिनं. त्या गाठोड्यात चिवडा होता, ताई. पण तुमच्या आईनं पदर खोचला अन् म्हटलं, इथं आलेली वस्तू इथली, आधी साडी आण, मंग माहेरचं नाव काढ. यांनीही तुमचंच ऐकलं. तुमचे भाऊ होते ना, तुमच्या डोळ्यांवर त्यांचा लय भरवसा.

त्याच उन्हाळ्यात तुमसरहून सांगावा आला की आई आजारी आहे, शारदाचं नाव घेऊन राहिली. मी सासूबाईच्या पाया पडली. त्या म्हणाल्या, साडी आण. दुसरा सांगावा आला. त्या म्हणाल्या, साडी आण. मी कुठून आणणार होती? ती तुमच्या कपाटात होती. मले जाऊ दिलं ते तेरवीच्या स्वयंपाकाले. आईच्या जागेवर नुसती चटई होती. अन् आजपर्यंत आपल्या घरच्या कोणत्याही कार्यात एखादा चमचा इकडचा तिकडं झाला की कोणीतरी हसून म्हणतेच, मामीची पिशवी पाहा रे, माहेरी गेला असंल. माझ्या सुनेसमोर म्हणतात. देवश्रीसमोर म्हणतात. वेदांतच्या लग्नात तुम्हीच म्हटलं, अन् सगळे हसले, अन् त्याच्या घडीभर आधी ती साडी तुमच्याच हातानं माझ्या ओटीत पडली होती.

म्हणून त्या दिवशी घरी मी एवढी हसली की देवश्रीले वाटलं आजीले काही झालं. पाणी घेऊन धावत आली. तिले सगळं सांगितलं. तिचं तोंड लालबुंद, म्हणे, आजी, अभी फोन लगाती हूँ. मी म्हटलं, बस खाली, पोट्टी. एवढी वर्षं शिजलेलं असं उभ्या उभ्या नाही वाढायचं. एक गोष्ट मात्र विचार करकरून मले लय बरं वाटते. नेसली असती तं सगळ्यांनी ओळखली असती, म्हणून तुम्हाले ती एक दिवस नेसता आली नाही. टाकताही आली नाही. कपाट उघडलं की राघू खाली बसलेला. वर किती साड्या रचल्या असतील तुम्ही त्याच्यावर!

आता साखरपुड्याचं आमंत्रण. तारीख निरंजन फोन करून सांगेलच, मी मुद्दाम तुमच्या डोळ्याच्या डॉक्टरचं विचारून मंग धरली. तोवर लांबचं स्वच्छ दिसाले लागेल. तुमच्यासाठी गुलाबी गादीची खुर्ची ठेवली आहे, खिडकीच्या बाजूले. त्या खुर्चीत बसलं की पर्द्याचा पदराकडचा कोपरा बरोबर डोळ्यासमोर येते, मी स्वतः बसून पाहिलं अन् काठी दोनदा खाली-वर केली. आपली सगळी माणसं असतील, व्याही असतील. कोणीतरी विचारेलच की पर्दा कुठला. मी म्हणेन, कुमुदताईले विचारा. अन् गप्प बसेन. मंग तुम्ही सांगा, सगळ्यांच्या समोर, की ही साडी मी नेली होती, वहिनीनं माहेरी काही पोचवलं नाही. एवढंच. जास्त नको, रडणं नको, पाया पडणं तं बिलकूल नको, घरात शुभकार्य आहे. अन् डोळ्याचं निमित्त करून नाही आल्या, तं मी सांगीन. मले लिहाले कमी येते, बोलाले नाही.

हे सगळं फोनवर काहून नाही सांगितलं, असं मनात आलं असंल. फोनवर तुम्हाले नको तिथं ऐकू येत नाही, हॅलो हॅलो करून ठेवून देता. अन् पत्र मी तुम्हाले तरी कुठं लिहिलं? डॉक्टरनं तुम्हाले अजून वाचाले मना केलं आहे. वेदांतले मराठी समजते पण वाचता येत नाही. तुमच्या घरात मराठी फर्राट वाचणारी एकच, नागपूरची लेक, तुमची सून. रात्री जेवणं झाली की ती तुम्हाले सगळ्यांसमोर वाचून दाखवते, हे तुम्हीच मले कौतुकानं सांगितलं होतं. अस्मिता बेटा, आवाज छान खणखणीत ठेवला ना? सासूबाई मधेच पुरे म्हणाल्या असतील, पण तू थांबली नसशील, मले माहीत आहे. ती साडी तू ढिगातून काढली, तुझे माझ्यावर लय उपकार आहेत बाई. आता कागद खाली ठेव अन् त्यांच्या तोंडाकडं पाहा. फोन केला असता कुमुदताई, तं ही गोष्ट आपल्या दोघींतच राहिली असती. आपल्या दोघींत ती लय दिवस राहिली.

या मंग. दाराशी हिरव्यावर पाय पुसून आत या.

तुमचीच, माहेरी कधी काही न पोचवलेली,
शारदा