दारापुढच्या पायऱ्यांचा कठडा

३ फेब्रुवारी

फॅब्रिकेशनवाला आजही आला नाही. "ताई, उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच." या माणसाचा उद्या नोव्हेंबरपासून चालू आहे!

काम केवढं? दारापुढच्या पाच पायऱ्या, एका बाजूचा कठडा. जुना सप्टेंबरात खालच्या जोडापाशी तुटला, आणि त्याला धरून उतरणारे बाबा त्याच्यासकट खाली गेले. मनगट मोडलं. ते जुळलं, पण तेव्हापासून बाबा एकही पायरी उतरलेले नाहीत. दाराशी खुर्ची, खुर्चीत बाबा. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे जाऊन बसायचे, वीस वर्षांचा नेम — तोही सुटला. माझा हात धरा म्हटलं तर, "मी काय पार्सल आहे?"

आणि गंमत म्हणजे हा माणूस चाळीस वर्षं वेल्डर होता! तुटलेला जोड कुणी केलेला, असं मी दवाखान्यातच विचारलं होतं. म्हणाले, "माझाच. चुकला." तेव्हापासून मला टोमण्याला आयतं कोलीत मिळालंय. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

५ फेब्रुवारी

ठरलं. मशीन आणून मीच करणार. बावीस वर्षं शिवणयंत्रावर बसते आहे. दोन तुकडे एकमेकांना जोडायचे, एवढंच तर आहे. (हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते. पुढे स्वतःलाच हसायला उपयोगी पडेल.)

बाबांना सांगितलं. "पँटची चेन बदलण्याइतकं सोपं नाही ते."

"तुमच्या जोडापेक्षा तर टिकेल!"

गप्प बसले. जिंकले मी.

७ फेब्रुवारी

हार्डवेअरचं दुकान. मी वेल्डिंग मशीन म्हटल्यावर दुकानदार माझ्यामागे कोणी येतंय का ते बघायला लागला. "साहेबांना घेऊन या ना, त्यांना नीट समजावतो." म्हटलं, साहेब जाऊन नऊ वर्षं झाली, तुम्हीच तिकडे जाऊन समजावून या. मग एकदम "बसा ना, पाणी घेणार?"

तीन मशीनं मांडली. सगळ्यात स्वस्त ते जेवणाच्या डब्याएवढं, आणि त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा व डरकाळी फोडणारा वाघ. मी भुललेच होते. पण बाबांनी निघताना सांगितलं होतं — खोक्यावरचा आकडा वाचू नको. उचलून वजन बघ, केबल किती जाड ते बघ, आणि दहातली किती मिनिटं न थांबता चालतं ते विचार. विचारलं. दुकानदाराने पुस्तिका उलटी धरून वाचली. वाघवालं दहातली दोन मिनिटं चालतं, मग दमून बसतं. मधलं सहा मिनिटं. मधलं घेतलं. महाग नाही, फार स्वस्तही नाही. माझ्यासारखंच.

तोंडावर धरायची साधी काच फुकट देत होता. मी आपोआप काळी होणारी टोपी वेगळी विकत घेतली. एक हात वेल्डिंगच्या रॉडला, एक हात काचेला, मग पाइप काय दातात धरू?

८ फेब्रुवारी

रविवार, म्हणजे दादाचा फोन. आमचा दादा! बाबांनी त्याला हौसेने हे काम शिकवलं, दोन वर्षं शिकला आणि मग दूरच्या शहरात ऑफिसात खुर्ची मिळाल्यावर विसरला. मला कोणी शिकवलं नाही. मुलगी म्हणून मला सुई. आता तो उपदेशाचा घाऊक व्यापारी. व्हिडिओवर मागचा कॅमेरा लावून, स्वतःच्या बाजूने पेन धरून दाखवलं, "अगं, असा तिरका धर आणि असा सावकाश ओढत ने. लाडाने!" जसं दिसलं तसं हुबेहूब गिरवलं.

शेवटी म्हणाला, "बाबांना सांभाळ हं." बरं झालं सांगितलंस. मी आज त्यांना विकायलाच काढणार होते.

९ फेब्रुवारी

रॉड चिकटला. सोडवला. चिकटला. घराची लाइट गेली.

१० फेब्रुवारी

"एकच तर टिपका मारायचाय" म्हणून टोपी न घालता मारला. आज डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं होतंय. बाबा रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "प्रत्येक जण एकदा करतो. दुसऱ्यांदा करणारा मूर्ख." चार पँटा शिवायच्या राहिल्या.

१४ फेब्रुवारी

पाइपला भोकं. जोडायला गेले आणि चाळणी केली.

बाबा खुर्चीतून: "करंट कमी कर. आवाज फाटतोय." त्यांना आता नीट दिसत नाही, समोरचा माणूस धूसर दिसतो, पण कान शाबूत. करंट कमी केला. आवाज एकसारखा झाला, तेलात काही तळत असल्यासारखा. "हां. आता हलू नको त्याच्यावरून."

मग जोड मागितला. वरची काळी खपली झाडून मी तुकडा हातात दिला. अंगठ्याच्या नखाने त्यांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपला. "उलटी चालतेस तू."

म्हणजे काय?

"जोडावरचे खवले कुठून कुठे चढत गेलेत बघ. आणि शेवटी रॉड उचलतो तिथे खळगा राहतो, तो तुझा डावीकडे आलाय. दादाने दाखवलं ना? तो डावखुरा. त्याचं सगळं उजवीकडून डावीकडे. तू उजवी, डावीकडून उजवीकडे ओढ."

दादाला डावखुरा म्हणून लहानपणी किती चिडवलंय, आणि नेमकं तेच विसरून आठवडाभर त्याचं बघून उलटं गिरवत बसले! बाबा हसले. सप्टेंबरानंतर पहिल्यांदा.

१८ फेब्रुवारी

आज पहिला देखणा जोड. माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक. मी तो घरभर मिरवला. बाबांनी हातोडी मागितली आणि एका घावात तुकडे केले!

"वरून छान. आत काही नाही. लोखंड वितळून एकमेकांत गेलंच नाही, नुसतं वर बसलंय."

मला लगेच कळलं. वरून इस्त्री कडक, आत शिलाईच नाही. असं काम मी दुसऱ्या शिंप्यांकडून आलेलं कितीदा उसवलंय. तरी रडू आलं. मी चिडून म्हटलं, "तुम्हालाच एवढं कळत होतं तर तुमचा का तुटला?"

बाबांनी हातोडी खाली ठेवली. "तुटतो कधी कधी." आणि जेवायला चला म्हटलं तर भूक नाही म्हणाले.

२२ फेब्रुवारी

चार घाव. पाइप वाकला, जोड नाही! बाबांनी तो तुकडा आपल्या उशाशी ठेवलाय. मी विचारलं कशाला, तर म्हणे कागद उडू नयेत म्हणून. त्यांच्या उशाशी एकही कागद नाही.

२५ फेब्रुवारी

कठडा उभा राहिला. दोन बोटं तिरका आहे, पण फॅब्रिकेशनवाल्याच्या कठड्यापेक्षा बरा, कारण तो अजून यायचाय. जुन्या कठड्याची पट्टी खालच्या पायरीत पक्की बसलीये, ती नंतर बघू. माझा खांब तिच्या शेजारीच बोल्ट मारून बसवला.

मी त्याला लोंबकळून दाखवलं. शेजारच्या काकूंनाही लोंबकळायला लावलं. दोघींचं मिळून वजन इथे लिहिणार नाही.

बाबा दारापर्यंत आले. हात पुढे केला, मागे घेतला. "उद्या बघू." घ्या! फॅब्रिकेशनवाल्याचे गुरू.

मी परत तेच म्हटलं, "तुमच्यासारखा तुटका नाहीये हा, या." आले नाहीत. खुर्चीत बसून कोपऱ्याकडे बघत राहिले, जिथलं घड्याळवाल्याचं दुकान त्यांना दिसतसुद्धा नाही. आज पहिल्यांदा मला भीती वाटली, की हा माणूस आता याच खुर्चीत संपणार.

२७ फेब्रुवारी

उतरले!!

मी आत काज करत होते. चपलांचा आवाज आला म्हणून उठले तर बाबा दुसऱ्या पायरीवर. एका हाताने कठडा घट्ट, दुसऱ्या हाताचं नख जोडावर. "हा बरा." पुढची पायरी. "हा चालेल." सगळ्यात खालच्या जोडाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. "हा दिसायला लाज आहे. पण सुटायचा नाही." आणि रस्त्याला लागले. वाटेत काहीतरी गुणगुणत होते.

घड्याळवाला संध्याकाळी मुद्दाम दाराशी येऊन सांगून गेला, "आल्या आल्या म्हणाले, मुलीने केलाय. चारदा म्हणाले." मी आत जाऊन उगाच मशीनला तेल घातलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

२८ फेब्रुवारी

खालच्या पायरीतली ती जुनी पट्टी पायाला लागते, म्हणून आज ग्राइंडर घेऊन काढायला बसले. सप्टेंबरात तुटलेला जुना जोड पट्टीवर तसाच होता. वरून देखणा, पाइपला लागलेलाच नाही. सवयीने नख फिरवलं. खवले उजवीकडून डावीकडे. खळगा डावीकडे.

उठून फाटक चाचपलं, मागच्या खोलीचं कपाट चाचपलं, बाबांनी केलेलं घरातलं एकूण एक काम चाचपलं. सगळं डावीकडून उजवीकडे.

पट्टी घासून सपाट केली. तेवढ्यात दादाचा फोन. "ऐकलं मी, उतरले म्हणे! बाबांच्या जोडापेक्षा तुझा टिकेल हं!"

बाबा समोरच खुर्चीत होते. फोनचा आवाज मोठा होता.

मी गप्प बसले.