ब्राह्मीला रविवारी घेऊन येणे

शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९३८. सकाळ, शहापूर (बेळगाव).
आज निपाणीकडे. चार दिवसांची लीव्ह मिळाली. वकीलसाहेबांनी कारण विचारले. मुलीला आणायला, म्हणालो. ते म्हणाले, अरे वा, शेवटी! ‘शेवटी’ हा शब्द अनावश्यक होता. पद्मा तापाने गेली तेव्हा ब्राह्मीला पंधरा दिवसांसाठी आजोळी ठेवले, हे खरे. मग पाऊस लागला, मग कोर्ट उघडले, मग मोटारीचा रस्ता खचला, मग पुन्हा पाऊस. यात माझा दोष नाही.
प्रोग्रॅम पक्का. उद्या सासऱ्यांशी फर्मपणे बोलणे. रविवारी ब्राह्मीला घेऊन परत.
तयारी पूर्ण. तिच्यासाठी लहान बाज विणून घेतली. मी ऑफिसात असताना समोरच्या हातमागवाल्यांच्या शालूबाई तिला बघतील. वेणी घालण्याची प्रॅक्टिस सुतळीवर केली, उत्तम जमते. पेढे घेतले. सासरे अडवणार, हे नक्की. अडवू देत. कायद्याने बाप हाच पालक.
प्रकृती ठीक. दुःख वगैरे आता राहिलेले नाही. झोप येत नाही, पण ते मागांच्या खडखडाटामुळे.

शुक्रवार, रात्री.
मोटार संकेश्वराजवळ बंद पडली. पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सूर्य मावळला की सासऱ्यांच्या जैन घरी चूल बंद, मग पाहुणा कोणी का असेना. सासूबाई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, हळहळल्या. घटकाभर आधी यायचं न्हाय व्हय पावणं, आता उपाशी झोपनार. मी म्हणालो, मीही रात्री खात नाही, धर्म तो धर्म. (शहापुरात मी नऊच्या आधी कधी जेवत नाही.) सासरे तवनाप्पा खूश झाले.
ब्राह्मी झोपली होती. उंच झाली आहे. उठवू नका, म्हणालो.
पेढे प्रवासात खराब तर झाले नाहीत, म्हणून एक तपासला. तपासणी लांबली. उद्या तिला दुसरे काहीतरी देऊ.
इथे माग नाहीत. तरी झोप नाही. शांततेमुळे असेल.

शनिवार, १९ नोव्हेंबर.
ब्राह्मी मला पाहून खांबामागे गेली. आक्का म्हणाल्या, अगं, तुजं बाबा. ती म्हणाली, न्हाय, पावणं हाईत. जावयाला इकडे पावणंच म्हणतात, त्यावरून मुलीचा गैरसमज झाला. सुधारता येईल. वेणीसाठी आणलेली रिबन दाखवली. आजीला कानडीत म्हणाली, ब्याड. ब्याड म्हणजे नको, हे बेळगावात मांजरालाही कळते.
दुपारी सासऱ्यांना गाठायला तंबाखूच्या रानात गेलो. सध्या खुडणी चालू आहे. झाडाला तुरा आला की शेंडा खुडून टाकतात, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. ब्राह्मीही खुडते. हात पुरत नाही तिथे तिला मेहुणा गुंडाप्पा खांद्यावर घेतो आणि ती त्याचे कान धरून त्याला बैलासारखी हाकते. मला पसंत नाही. मी घेऊ का खांद्यावर, विचारले. तिने माझे खांदे नीट पाहिले. म्हणाली, मामाच बरा हाय.
सासऱ्यांना म्हणालो, आप्पा, जरा बोलायचे होते. ते म्हणाले, बोला की. मी म्हणालो, तंबाखू यंदा चांगली दिसते. ते म्हणाले, व्हय.
सुरुवात वाईट नाही.

रविवार, २० नोव्हेंबर.
आज निघायचे होते. पण रविवारी मोटारीला फार गर्दी असते. शिवाय आक्कांनी पोळ्यांचा घाट घातला, त्यांचे मन मोडवेना.
सगळ्यांसमोर ब्राह्मीची वेणी घातली. सुतळी हलत नाही, मुलगी हलते, हे आधी लक्षात घेतले नव्हते. गुंडाप्पा म्हणाला, पावणं, ही वेणी हाय का बैलाचं दावं? सगळे हसले. ब्राह्मीही हसली, माझ्याकडे बघून. प्रगती.
आक्का हसत हसत आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, पद्मी बी अशीच, घडीभर बसायची न्हाय. मी छपराच्या तुळया पाहू लागलो. तुळया सागवानी आहेत.

सोमवार, २१ नोव्हेंबर.
सासऱ्यांनी स्वतःच विषय काढला. पोरीला नेनार व्हय? मी फर्मपणे हो म्हणालो आणि पहिला मुद्दा मांडणार, तेवढ्यात ते म्हणाले, न्या की. तुमचीच हाय. तिला इचारा, येती म्हनली तर उद्याच गाडी जुपतो.
मोठा घोटाळा. कोणी अडवतच नाही. सगळे मुद्दे वाया.
ब्राह्मीला विचारले नाही. साक्षीदार तयार नसताना प्रश्न विचारू नये, हे मी ऑफिसात शिकलो आहे. वकीलसाहेबांना कार्ड टाकले, ताप आहे म्हणून. खोटे नाही, कपाळ गरम लागते.
नवा विचार: ब्राह्मीला कामाची माणसे आवडतात. रानाच्या वरच्या अंगाला काही झाडांचे तुरे तसेच राहिले आहेत, चांगले गुलाबी फुलले आहेत. मजुरांची हयगय, दुसरे काय. वर कोणी दृष्टीच्या चिंध्याही बांधून ठेवल्या आहेत. उद्या पहाटे सगळे उठायच्या आत ती झाडे मी साफ करणार. मग विचारणार.

मंगळवार, २२ नोव्हेंबर. सकाळ.
झाले. एकही तुरा ठेवला नाही. चिंध्या सोडून, घडी घालून बांधावर ठेवल्या. हिरव्या आहेत, काठ तांबडा. कापड ओळखीचे वाटले. असेल, निपाणीच्या बाजारात सगळी लुगडी सारखीच. हात चिकट झाले. फार दिवसांनी समाधान वाटते आहे.

मंगळवार, दुपार.
ती झाडे बियाची होती.
रानातली सर्वांत चांगली झाडे निवडून त्यांचे तुरे राखतात. बोंडे वाळली की त्यांतले बी पुढच्या सालच्या रोपांना. खुडणाऱ्याचा हात चुकून पडू नये म्हणून चिंधी. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून मला कोणी सांगितले नाही.
झाडे निवडायचे काम लग्न होईपर्यंत पद्माचे होते. यंदा आप्पांनी ब्राह्मीला दिले. चिंध्या पद्माच्या लुगड्याच्या. डोहाळजेवणाचे लुगडे. शहापुरातल्या मागावरचे, मीच निवडले होते. निपाणीच्या बाजाराचा काही संबंध नव्हता.
ब्राह्मी बांधावर बसून रडली. आवाज न करता. ही सवय माझ्याकडची असावी. गुंडाप्पा म्हणाला, कोर्टात बी असंच करतासा व्हय पावणं, सोडायचं त्येलाच फाशी? कोणी हसले नाही. तोही नाही. आप्पा म्हणाले, असू दे, बी शेजाऱ्याकडनं मागून आनू. ब्राह्मी म्हणाली, ते आईचं न्हाय.
जवळ जाऊन म्हणालो, मला माहीत नव्हते.
ती म्हणाली, तुमास्नी कायच म्हाईत न्हाय.
हा मुद्दा खोडता आला नाही.

बुधवार, २३ नोव्हेंबर.
दुसरे कार्ड: ताप वाढला. दिवसभर त्या झाडांपाशी बसलो. करण्यासारखे तिथे काही नव्हते. उद्या एकट्याने निघायचे ठरवले. मग रद्द केले. मग पुन्हा ठरवले.
उन्हे कलल्यावर ब्राह्मी आली, लांब बसली. हातात एक चिंधी. ती गुडघ्यावर पसरून तिने विचारले, पावणं, ह्ये नेसल्यावर आई कशी दिसायची?
आधी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. इकडे तिरप्या उन्हाचा फार त्रास आहे.
मग सांगितले. आमच्या गल्लीत विणकर सुताचे ताणे पसरतात. ते लुगडे नेसून बाहेर पडली त्याच दिवशी ती एका ताण्यात अडकली, अर्धी गल्ली गुंडाळून घेतली, आणि शालूबाई ओरडत असताना ही पोट धरून हसत उभी. ब्राह्मीने विचारले, मग? मगचे सांगितले. मग? त्याच्याही मगचे सांगितले. माझ्यापाशी एवढे होते हे मला ठाऊक नव्हते. कोणाशी बोललोच नव्हतो.
घरी आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. जेवण चुकले, दोघांचेही. आक्का कडाडल्या, पावणं तसलं आनि पोर बी तसलंच!
ब्राह्मीने माझ्याकडे पाहिले. आम्ही पाणी पिऊन झोपलो. झोप लागली. भुकेमुळे असेल.

गुरुवार, २४ नोव्हेंबर.
केस आता भक्कम. सरळ विचारले, येतेस का बेळगावला? तिकडे तुझ्यासाठी बाज विणून ठेवली आहे, म्हणालो.
ती म्हणाली, आता कसं? आप्पा म्हणतात, खुडलेल्या झाडाला बगलंत फुटवा येतोय. त्यो राखला तर त्याला बी तुरा येतोय, उशिरा का हुईना. राखायला मी नको व्हय?
तुरा कधी येईल, आप्पांना विचारले. ते म्हणाले, त्येच्या मनावर हाय.
आल्यावर येशील? तिला विचारले. बघू, म्हणाली. वकीलसाहेबांचे ‘बघू’ म्हणजे नाही. पण ब्राह्मी वकील नाही.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर. शहापूर.
एकटा आलो.
निघताना ब्राह्मीने माझ्या छत्रीच्या मुठीला हिरवी चिंधी बांधली, दातांनी ओढून. हे कशाला, विचारले. म्हणाली, म्हंजी तुमास्नी कोन खुडनार न्हाय. गाडी हलल्यावर ओरडली, पावणं, फुटवा बघाय या! मी फर्मपणे मान हलवली.
शालूबाई दारातच उभ्या होत्या. पोरगी कुठाय? म्हणालो, येणार आहे, नक्की, थोडे रानातले काम आहे. त्या बरं म्हणाल्या आणि तिच्यासाठी केलेली लहान भाकरीही माझ्याच ताटात वाढून गेल्या. नऊ वाजले होते. भूक नव्हती.
आज माग बंद आहेत. तरी झोप नाही. कारण शोधले, सापडले नाही.
छत्री लहान बाजेवर ठेवली आहे. चिंधी बघून ऑफिसात हसतील, म्हणून सोडायला घेतली. गाठ अर्धी सुटली तेव्हा लक्षात आले, मी काय करतो आहे. परत बांधली.
तिच्यासारखी बसली नाही.