पाणी वळेपर्यंत

आबा,

तुम्ही गाडीची वेळ कधी सांगितली नाही. साक्रीच्या एसटी स्टँडवर तुम्ही कंट्रोलर; खिडकीशी माणूस यायचा, धुळ्याची गाडी किती वाजता म्हणून विचारायचा, आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “नवापूरहून साडेआठला सुटते.” तो म्हणायचा, “ते बोर्डवर शे ना, आबा. आठे कवय येई?” “आठे येई तवय सांगसू.” इथं आली की मगच. काही हसायचे, काही चिडायचे. घाटात ट्रक आडवा आहे का, विसरवाडीचा बाजार आहे का, हे बोर्डाला कुठून कळणार, असं तुम्ही मला एकदा समजावलंत. पण संशय नुसता बोर्डावर नव्हता. दूधवाल्यावर होता, भिंतीवरच्या घड्याळावर होता, माझ्या गुणपत्रिकेवरही होता. मी वर्गात पहिली आले तेव्हा तुम्ही विचारलंत, वर्गात पोरी किती. मी रडले. आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, “देव जरी उना ना, तरी ह्या त्याले इचारतीन, कोन्या गाडीनं उना?” देवालासुद्धा, कोणत्या गाडीनं आलास म्हणून.

आई गेली तेव्हा आपण धुळ्यात, देवपुरात राहत होतो. तिचं माहेर तापीकाठचं. समुद्र तिनं पाहिला नव्हता, आणि शेवटच्या महिन्यात ती दोनदा म्हणाली होती, “माले समुद्र कोनी दखाडा नही. राख तरी जाऊ द्या.” सगळे म्हणाले, मुडावदला जा, पांझरा तापीला मिळते तिथं सोडा, नदी नेईल पुढं. तुम्ही म्हणालात, पुढं धरण आहे, ती तिथंच बसेल. काका तुमच्याकडे बघत राहिले. राखेच्या बाबतीतही माणूस धरणावर संशय घेतो, हे त्यांना नवीन होतं. मला नव्हतं. सगळी धरणं, सगळे बंधारे संपल्यावरच्या नदीत तिला सोडायचं, सुरतेच्या खाली, असं तुम्ही ठरवलंत. आयुष्यात पहिल्यांदा मला तुमचा संशय प्रेमासारखा दिसला.

पेपरमध्ये भरती-ओहोटीची वेळ येते हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं. तुम्ही ती रोज पाहू लागलात. पेपर जळगावचा, वेळ मुंबईच्या समुद्राची. मी विचारलं, सुरतेला हीच चालेल का. तुम्ही म्हणालात, “समुद्र एकच ना.” बोर्डावर आयुष्यभर विश्वास न ठेवलेले तुम्ही हे म्हणालात, आणि मी तिकिटं काढली. अमळनेरहून आपण गाडीत बसलो. आईची पिशवी तुम्ही मांडीवर ठेवली होती. खिडकीतून कापसाची शेतं जातात, मग डोंगर येतो, मग भाषा बदलते. तुम्ही प्रत्येक स्टेशनचं नाव वाचता आणि मनगटावरचं घड्याळ बघता.

नाववाला आपल्याकडचाच निघाला, शिरपूर तालुक्यातून तिकडे गेलेला. पेपरच्या हिशोबानं भरती सकाळीच होऊन गेली होती, म्हणजे आता ओहोटी, पाणी समुद्राकडे जायला हवं. नाव थोडी आत गेली. तुम्ही एक फूल टाकलंत. ते शहराकडे निघालं. वरच्या बाजूला. घराच्या बाजूला. आपण दोघांनी नदी उलटी वाहताना कधी पाहिली नव्हती. तुमचा चेहरा मला आठवतो. कुणीतरी खिसा कापल्यासारखा.

“तू आमले कोठे आनं रे?”

“नदीमा आनं, आबा. आते भरती शे.”

“पेपरमा ओहोटी शे.”

“कोन्या गावना पेपर?” त्यानं विचारलं. तुम्ही मुंबईचं नाव घेतलंत, तसा तो हसला. “मुंबईनी गाडी आठे तितलाच टाइमले येस का?”

 पाणी कधी वळेल, असं मग तुम्ही हळू आवाजात विचारलंत. तो म्हणाला, बंदराची वेळ वेगळी, नदीची वेगळी, त्यात वारा असला तर आणखी वेगळी, आणि वरून धरणाचं पाणी सुटलं तर भरती इथवर चढतच नाही. “जवय वळी तवय वळी.” तुम्ही पिशवी पुन्हा मांडीवर घेतलीत. त्याच्यावर तुमचा विश्वास नव्हता, पेपरवरचा उडाला होता. फक्त फुलं उरली होती. तुम्ही थोड्या थोड्या वेळानं एकेक टाकत होता. एक वर गेलं, एक वर गेलं, एक नावेपाशीच थबकलं आणि फिरत राहिलं. मग एक खाली निघालं. तरी तुम्ही आणखी दोन टाकून पाहिलीत. मगच आईला सोडलंत, तिच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यासकट. तो तुकडा समुद्राकडे गेला. दिसेनासा होईपर्यंत आपण पाहिला.

परतीची गाडी रात्रीची होती. तुम्ही काठावरच बसलात, खात्री करायला. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला, त्यावर बगळे आले. मी कुठून तरी चहा आणला. मग ऊन कललं आणि चिखल पुन्हा झाकला जाऊ लागला. पाणी वर चढू लागलं आणि त्याच्याबरोबर खालून हिरवं काहीतरी आलं. बरंच दूर होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “चला आबा, गाडी चुकेल.”

तुम्ही उठलात. कोणती गाडी, ते विचारलं नाही. किती वाजले, ते विचारलं नाही. घराला कुलूप लावून दोनदा मागे येऊन ओढून बघणारा माणूस एकदाही मागे न बघता रस्त्यापर्यंत चालत गेला. स्टेशनवर आपण किती वेळ बसून होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण त्याबद्दल बोललो नाही. पुढं दहाव्याला, तेराव्याला, आणि नंतरही जो कोणी भेटेल त्याला तुम्ही सांगत राहिलात, “ती समुद्रले पोचनी.” कुठून निघाली, मध्ये काय लागलं, काही नाही. नुसतं पोचनी. तुमच्या तोंडून असं बिनशर्त वाक्य मी दुसरं ऐकलं नाही, आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. तुम्ही पाहिलं होतंत का? की मी पाहिलं हे तुम्ही पाहिलं होतंत, आणि माझ्यासाठी ते वाक्य म्हणत होता? तुम्ही जाऊनही आता बरीच वर्षं झाली. विचारायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. रोज विचारता आलं असतं.

मी साहित्य शिकवते. समुद्राचं मला कळत नाही. तरी नंतर वाचलं. तक्ते चंद्र-सूर्यावरून पाण्याची उंची सांगतात, तीही एका बंदराची. नदीतलं वळण, साचलेला गाळ, आडवा बंधारा, त्या दिवशीचा वारा, हे सगळं खाली बारीक अक्षरांत सोडून दिलेलं असतं. आणि उंची म्हणजे प्रवास नव्हे. ओहोटीबरोबर गेलेली वस्तू पुढच्या भरतीला परत येऊ शकते, पुन्हा जाऊ शकते, कितीदा ते कोणी सांगत नाही. हिरवं कापड कोणाचंही असू शकतं. त्या काठावर रोज किती लोक येत असतील. ते आपलंच कशावरून, असं तुम्ही विचारलं असतंत. मीही स्वतःला तेच विचारते. कधी त्यानं भागतं, कधी भागत नाही.

यंदा माझ्या मुलीला सुरतेत नोकरी लागली. परवा तिनं मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता पाठवला. आई, रविवारी ये, दुपारी ओहोटी आहे, आजीला जिथं सोडलं ती जागा मला दाखव. मी तिला लगेच उत्तर लिहिलं. या वेळा बंदराच्या असतात, नदीत त्या जुळत नाहीत, पावसाळ्यात तर मुळीच नाही, उगाच हेलपाटा नको. तिनं हसण्याचं चित्र पाठवलं आणि लिहिलं, “अगदी आबा आजोबा!”

तिला यातलं काही सांगणार नाही. तुम्हाला तेवढं सांगते. ते उत्तर संशयाचं नव्हतं; तिनं पाठवलेला तक्ता मी उघडूनही पाहिला नव्हता.