फाटकावरचे अप्पा

प्रिय अप्पा,

शनिवारी तुम्हाला पाहिलं. तेव्हापासून कशात जीव लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

शेजारच्या शिंदेमामींकडे टीव्हीवर तुमचा तो जुना विनोदी सिनेमा लागला. मामी धावतच आल्या, "अगं, यात तुझे वडील होते ना?" आईचा हात धरून गेले.

आठवतं? चिंचवडला नदीकाठच्या बंगल्यात शूटिंग चाललं होतं. सुट्टी होती म्हणून तुम्ही नुसते बघायला गेलात. पहारेकऱ्याचं काम करणारा आलाच नाही, आणि त्याचा डगला नेमका तुमच्या अंगाला बसला! केवढी ऐट होती तुमची!

पण सिनेमा गावच्या तंबूत आला, तेव्हा गेलात मात्र कंपनीतल्या मित्रांबरोबर. "त्या गर्दीत बायकामाणसांनी कशाला?" का हो अप्पा? आईला किती हौस होती!

सिनेमात एकसारखे दिसणारे दोघे, आणि मेलेल्या मामाच्या इस्टेटीवर दोघांचाही दावा. तुम्ही खोट्याला कडक सलाम ठोकता आणि खऱ्या वारसासमोर काठी आडवी धरता, "मालक आत बसल्यात. तू कोण रं?"

खोली खो खो हसली. मला हुंदका आवरेना. तुमचा फोटो आहे भिंतीवर, पण आवाज कुठे होता आमच्याकडे?

आई हसली नाही, रडली नाही. एवढंच पुटपुटली, "किती बारीक हुते गं तवा."

सिनेमा संपता संपता सदाकाका दारात येऊन उभे राहिले. दादा टीव्हीवर दिसतोय असं कुणीतरी सांगितलं, तसे भोसरीहून सायकल मारत आले होते. जमीन कारखान्यांसाठी गेली, विहिरीजवळचा तुकडा तेवढा उरला आणि त्याच्यापायी तुम्ही सख्खे भाऊ बोलेनासे झालात! छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलंत, तरी तुम्ही बोलावलं नाही, ते आले नाहीत. एवढा कसला हट्ट, अप्पा?

"वहिनी," काका म्हणाले, "दादाला आन एकदा दाखवाया सांगा की. मला उशीर झाला."

"टीव्हीवर मागं न्हाई जाता येत, भावजी."

काका उंबऱ्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. आई उठली, त्यांच्याजवळ जाऊन बसली.

तुम्हा दोघांच्या हट्टाचा राग माझ्या मनात अजून आहे. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण रविवारी काकांना जेवायला बोलावलंय. तुम्ही पोहायला कुठे शिकलात, मार कशापायी खाल्लात, हे सांगणारं आता त्यांच्याशिवाय कोण उरलंय? ते सगळं विचारून घेईन. आणि ते आहेत तोवर त्यांना अंतर देणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
सुमन