न घेतलेली पोच

प्रिय मारित,

रागात पत्र लिहू नये असं आई म्हणते. मी नऊ दिवस थांबलो. राग काही उतरत नाही, म्हणून आता लिहूनच टाकतो. तुझे फोन मी घेतले नाहीत. घेतले असते तर ओरडलो असतो, आणि ओरडताना मला जे म्हणायचं असतं ते नेहमी राहूनच जातं, हे तुला माहीत आहे.

आधी इकडची खबर. खेचरं अजून खालच्या कुरणातच आहेत, बर्फ गुडघाभर आहे. मी रोज सकाळी तिकडे जातो. सरकारी कुंपणाच्या आत पाऊल टाकायची मला आता परवानगी नाही, म्हणून मी बाहेर उभा राहतो आणि ओरविल आत गवत पसरतो. पहिल्या दिवशी मला बघून म्हातारा म्हणाला, “काय रे कॉलेजवाल्या, तुला काढलंय हे खेचरांना कुणी सांगितलं नाही वाटतं. सगळी तुझ्याकडेच तोंड करून उभी आहेत.” एकतीस वर्षं वनखात्यात काढलेला मुकादम. मला धीर द्यायचा म्हणजे टोमणे मारायचे, एवढंच त्याला येतं.

मी कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा लोकांना सांगितलं की मला जंगल आवडतं. खरं कारण तू होतीस. तू इथल्या ऑफिसात आस्थापनेच्या टेबलावर लागलीस आणि मी तुझ्या मागोमाग आलो. वाटा साफ करणाऱ्या टोळीत हंगामी माणूस झालो. दर उन्हाळ्यात सहा महिने नोकरी, मग घरी. राखीव रानात मोटरचं काही चालत नाही, म्हणून पडलेली झाडं दोघांच्या करवतीनं कापायची. एका शनिवारी तू वर आलीस आणि हौसेनं दुसरी मूठ धरलीस. मी म्हणालो, “ढकलू नकोस, पातं वाकतं. फक्त ओढायचं.” तू म्हणालीस, “आणि तू ओढतोस तेव्हा मी काय करू?” “काही नाही. सैल सोडायचं.” तू हसलीस, म्हणालीस, “ते तुला तरी जमतं का रे, वेड्या?” त्या दिवशी आपण एक झाड कापायला दुपार घालवली आणि ओरविलनं ते दैनिक अहवालात ‘कठीण लाकूड’ म्हणून लिहिलं.

त्याच संध्याकाळी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून तू मला सरकारी नोकरीचे फायदे समजावलेस. विमा, पगारी रजा, म्हातारपणी पेन्शन, आणि कायम झालास की कुणी उगाच उठून घरी बसवू शकत नाही. मी तोटे मोजत होतो. एक हातोडा मागवायचा तर तीन फॉर्म, आणि हातोडा येतो तेव्हा वाटेवर बर्फ. चांगलं काम करणारा आणि टेबलावर पाय टाकून बसणारा, दोघांना बढती एकाच तारखेला. वरचा साहेब दर दोन वर्षांनी नवा, आणि प्रत्येकाला वाटा मोजायची नवी पद्धत हवी. तू म्हणालीस, “तोटे मलाही ठाऊक आहेत, पण घर बांधायचं तर खालची जमीन हलता कामा नये.” घर हा शब्द तू पहिल्यांदाच वापरलास. मी दुसऱ्याच दिवशी कायम जागेसाठी अर्ज केला.

मागच्या एप्रिलमध्ये जागा मिळाली. एक वर्ष प्रोबेशन. पण जुने हंगाम त्यात धरता येतात, कागद जोडले तर. माझे तीन हंगाम म्हणजे दीड वर्ष. कागद गेला की मी त्याच दिवशी पक्का. ओरविलनं मला बजावलं होतं, “कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. शिक्का, तारीख, सही. स्वतःच्या बायकोला दिलास तरी.” मी दोन्ही प्रती घेऊन तुझ्या खिडकीशी आलो. तू केसांत पेन्सिल खोचून बसली होतीस. पाकीट घेतलंस, म्हणालीस, “ठेव, करते मी.” आणि मला शिक्का मागायची लाज वाटली. जिच्याबरोबर जन्म काढायचा तिच्याकडे पोच कशी मागायची? दुसरी प्रत पिकअपमध्ये पडून राहिली. पुढे तिच्यावर मी कॉफी ठेवायला लागलो.

फेब्रुवारीत चिठ्ठी आली. प्रोबेशनवरची सगळी माणसं कमी, आपल्या ऑफिसातली चार. त्यात एक ओळ, की आपलं काम समाधानकारक नाही. डिसेंबरातच ओरविलनं माझ्या कामावर ‘उत्कृष्ट’ असा शेरा दिला होता. त्यानं चिठ्ठी उभ्यानं वाचली. “तुझे हंगाम धरले असते तर तू या यादीत आलाच नसतास. कागद दिला होतास ना?” दिला होता, मी म्हणालो. “पोच?” मी मान हलवली, नाही. तो मग खोगिराचा पट्टा काढून पुन्हा घालत बसला.

त्यानंतर बेकरीच्या मागे तुझ्या गाडीत तू मला सांगितलंस. पाकीट खणात राहिलं, विसरले. मारित, एवढंच असतं तर मी तिथल्या तिथे विसरून गेलो असतो. मी स्वतःचा वाढदिवस विसरतो. पण तू थांबली नाहीस, आणि खरं बोललीस याबद्दल तुझे आभार मानावेत की नाही हे मला अजून कळत नाही. यादी टाइप करायला तुझ्याकडेच आली होती. माझं नाव बघून तुला पाकीट आठवलं. तू खण उघडलास, पाकीट हातात घेतलंस आणि परत ठेवलंस. “मला वाटलं, हीच वेळ आहे. इथं पक्का झालास की तू कधीच कॉलेजात परत जाणार नाहीस. तुझ्या भल्यासाठीच, कोल्टर.” मी उतरून तुझ्या गाडीच्या दाराला लाथ मारली. पोचा आला असेल. त्याबद्दल माफ कर, तेवढ्यापुरतं.

यादी तुझ्याकडे आल्यापासून मला चिठ्ठी मिळेपर्यंतच्या त्या बारा दिवसांत तू तीनदा माझ्याकडे जेवायला आलीस. एकदा मी हरणाच्या मटणाचा रस्सा केला होता. पुढच्या उन्हाळ्यात वरच्या तळ्याची वाट कशी उघडणार, हे मी तुला टेबलावर चमचे मांडून दाखवत होतो. तू ऐकलंस, आणि मीठ मागितलंस.

खात्याचाही राग आहे, पण खातं मला ओळखत नव्हतं. तू ओळखत होतीस. आणि कॉलेजचं तुझं म्हणणं कदाचित बरोबरही असेल. मग तोंडावर म्हणायचंस. मी भांडलो असतो, दार आपटून गेलो असतो, संध्याकाळी परत आलो असतो. आपलं नेहमी तसंच होतं.

आता हे पत्र का ते सांगतो. माझ्या अपिलाची सुनावणी गुरुवारी मिसूला शहरात आहे. कामगार संघटनेचा माणूस मला विचारत होता, कागद कुणाच्या हातात दिलास? मी दोनदा म्हणालो, आठवत नाही. तिसऱ्यांदा त्यानं पेन खाली ठेवलं. “पोरा, नाव नसेल तर अपीलही नाही. घरी जा.” मी नाव घेणार आहे, मारित. त्यानं तुझ्या नोकरीचं काय होईल हे मला कळतं. कागद ज्याच्याकडे राहिला त्यानं स्वतःहून आधी साहेबांना सांगितलं तर निभावतं, असं तो म्हणतो. म्हणून हे पत्र मी टपालात न टाकता आज सोमवारीच तुझ्या दारातल्या पेटीत टाकतोय. मला तू एकही दिवस दिला नव्हतास, मी तुला तीन देतोय. फक्त एक कर. गुरुवारी तिथं आलीस तर माझ्याकडे बघू नकोस. तू बघितलंस तर मी पुन्हा म्हणेन की आठवत नाही.

नाइलाजानं, अजूनही तुझाच,
कोल्टर